शाखा, साक्ष आणि अक्षर : भारतीय बँकशाखेचा इतिहास व तिचे भवितव्य

१. प्रश्नाचे स्वरूप

आंतरजालावरील बँकव्यवहारांच्या काळात गावातील बँकशाखेचे काय होणार, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा आणि तंत्रज्ञानाचा मानला जातो. शाखा चालविण्याचा खर्च किती, तिथे येणारे खातेदार किती, तेच काम भ्रमणध्वनीवर किती स्वस्तात होते, असा हिशेब मांडून त्याचे उत्तर दिले जाते. साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नात का लक्ष घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि बँकेची शाखा ही पैशाची जागा आहे तितकीच ती लिखिताची जागा आहे. ठेव ठेवणाऱ्याच्या हाती पैशाच्या बदल्यात एक नोंद येते, कर्ज घेणारा एका मजकुराखाली सही किंवा अंगठा करतो. ही नोंद कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत आहे, ती कोण वाचतो आणि तिच्याविषयी वाद झाल्यास कोणाची साक्ष ग्राह्य धरली जाते, हे प्रश्न मूलतः लिखित संस्कृतीचे आहेत. भारतीय भाषांतील कथात्म साहित्याने ते दीर्घकाळ हाताळले आहेत.

प्रस्तुत निबंधात शाखेचा इतिहास या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. शाखा म्हणजे इमारत नव्हे; साक्ष, वाचन आणि दाद या तीन कार्यांची ती एकत्र जागा होय. या कार्यांपैकी कोणती नव्या व्यवस्थेत टिकतात यावर शाखेचे भवितव्य अवलंबून राहील, अशी ही मांडणी आहे.

२. शाखेपूर्वीची लिपी

इंग्रजी पद्धतीची बँक येण्यापूर्वी भारतात पैशाची ने-आण हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखविताच पटवायची, मुदती हुंडी ठरल्या मुदतीनंतर. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत ‘पैठ’, तीही हरवल्यास तिसरी ‘परपैठ’, आणि पटवून रद्द झालेली हुंडी म्हणजे ‘खोखा’. एखाद्या ग्रंथाच्या पाठपरंपरेची आठवण व्हावी इतकी ही शब्दावली काटेकोर आहे. मूळ प्रत, तिची नक्कल आणि मृत झालेली प्रत यांतील भेद व्यापाऱ्यांनी व्यवहाराच्या गरजेतून निर्माण केला होता.

१८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याने धनादेश, विनिमयपत्र आणि वचनचिठ्ठी यांचे नियमन केले. पण त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद ठेवला. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजांविषयीच्या स्थानिक रूढींना हा कायदा बाधा आणीत नाही, असा त्याचा आशय आहे. एकाच बाजारपेठेतील दोन कागदांना दोन वेगळे नियम लागू व्हावेत आणि त्यांतील भेद रकमेवर नव्हे तर भाषेवर अवलंबून असावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र या देशी लिपिव्यवहाराचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात रोजकीर्द आणि खतावणी मोडीत लिहिली जात असे, उत्तरेत महाजनी वा मुडिया लिपीत. महाजनी लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. काका अजमेरला गेल्याचे पत्र ‘काका आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट हिंदी पट्ट्यात सर्वतोमुखी आहे. गोष्ट विनोदाची असली तरी तिच्यामागे एक गंभीर तथ्य आहे. ही लिपी लिहिणाऱ्याच्या वर्तुळातच पुरती उलगडत असे, आणि ऋणको त्या वर्तुळाच्या बाहेर होता.

३. जाळलेले कागद

कागद आणि ऋणको यांच्यातील या अंतराचा उद्रेक १८७५ मध्ये झाला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या उठावात मनुष्यहानीचे प्रमाण अल्प होते. जमावाचा मुख्य रोख कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. ते मिळताच ते जाळले जात. ज्या मजकुराने आपल्याला बांधले तो मजकूर नाहीसा करणे, हा या कृतीचा अर्थ होय. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. तिथे धनको स्वतः कागद सोडतो, इथे ऋणको तो हिसकावतो. दोन्ही ठिकाणी मुक्ती कागदाच्या नाशातून येते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळे होते. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज गाव-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा आणि मागणी केल्यास तो पासबुकात उतरवून मिळावा, अशा तरतुदी त्यात होत्या. ज्याला आपण आज बँकेची किरकोळ सोय समजतो ते पासबुक इथे ऋणकोचा कायदेशीर हक्क म्हणून अवतरते. नोंदीची एक प्रत ज्याच्याविषयी नोंद आहे त्याच्या हातीही असली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. पुढील काळातील बँकशाखेचा नैतिक आधार शोधायचा तर तो इथे सापडतो.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ याच दशकातला. शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध त्याच्या अविद्येशी जोडताना लेखणी ज्यांच्या हाती आहे त्यांच्या सत्तेकडे ते सतत निर्देश करतात. फकीरमोहन सेनापतींच्या ‘छ माण आठ गुंठ’ या ओडिया कादंबरीतही, जी १८९७ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली, भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची जमीन रामचंद्र मंगराजाच्या घशात जाते. या लेखकांचे हेतू व आविष्कारपद्धती भिन्न आहेत. परंतु दोघांच्याही दृष्टीस कागद हे एक पात्रच दिसते.

४. बँक शहरात, कर्ज गावात

इंग्रजी अमलातील बँका गावापासून दूरच राहिल्या. १८०६ मध्ये कलकत्त्यास, १८४० मध्ये मुंबईस आणि १८४३ मध्ये मद्रासेस स्थापन झालेल्या इलाखा बँका १९२१ मध्ये एकत्र येऊन इंपीरियल बँक झाली. तिच्यावर पाच वर्षांत शंभर शाखा उघडण्याचे बंधन होते, पण ग्रामीण कर्जव्यवहाराचे चित्र त्यातून पालटले नाही. प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (१९३६) मध्ये हे अंतर कथानकाच्या रचनेतच आहे. होरीच्या गावात दातादीन आहे, दुलारी आहे, शहरातील महाजनाचा हस्तक असलेला झिंगुरीसिंह आहे. बँक मात्र शहरात आहे आणि तिचे व्यवस्थापक मिस्टर खन्ना साखर कारखान्याचेही चालक आहेत. होरी त्या बँकेच्या पायरीवर कधी चढत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील कोकणातले घरही सावकाराच्या माणसाच्या फेऱ्यांनीच खचते.

या काळात स्थानिक प्रयत्न झाले ते सहकारातून व प्रादेशिक भांडवलातून. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. त्याच शहरात सयाजीराव गायकवाडांच्या प्रोत्साहनाने १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. पुण्यात प्रा. वा. गो. काळे आदींनी १९३५ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली. दक्षिण कानडा जिल्ह्यात १९०६ मध्ये कॅनरा व कॉर्पोरेशन, १९२४ मध्ये कर्नाटक, १९२५ मध्ये सिंडिकेट आणि १९३१ मध्ये विजया अशा पाच बँका उभ्या राहिल्या. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ‘पिग्मी’ ठेव योजना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बँकेचा प्रतिनिधी रोज दारोदार जाऊन दोन आण्यांसारखी लहान रक्कम गोळा करी व नोंद करून देई. शाखेच्या इतिहासात इमारतीइतकेच स्थान या चालत्या माणसाला आहे. खातेदार ज्याला ओळखतो आणि जो खातेदाराला ओळखतो असा मनुष्य हाच शाखेचा गाभा होता.

५. वडाखालचा मार्गय्या

या गाभ्याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण आर. के. नारायण यांच्या ‘द फायनॅन्शियल एक्स्पर्ट’ (१९५२) या कादंबरीत आढळते. मार्गय्या हा मालगुडीतील सहकारी भूतारण बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो. बँकेचे छापील अर्ज त्याच्या पेटीत असतात. कर्ज कसे मिळवावे, अर्जात काय लिहावे, जुने फेडून नवे कसे काढावे, हे तो खेडुतांना सांगतो आणि त्याबद्दल पैसे घेतो. बँकेला त्याचा राग येतो. परंतु ज्या संस्थेचे अर्ज तिच्याच सभासदांना वाचता येत नाहीत तिच्या दारात मार्गय्या निर्माण होणारच. तो लबाड आहे आणि आवश्यकही आहे. नारायण त्याला खलनायक करीत नाहीत. त्याचा मुलगा हिशेबाची वही गटारात टाकतो तेव्हा मार्गय्याचा धंदाच बुडतो. सुप्याला वही जाळणारा ऋणको होता. इथे वही नष्ट झाल्याने मध्यस्थ उघडा पडतो.

मार्गय्याच्या व्यक्तिरेखेतून एक सूत्र हाती लागते. बँक आणि निरक्षर किंवा अल्पशिक्षित खातेदार यांच्यामध्ये वाचून दाखविणारा मनुष्य नेहमीच असतो. तो बँकेच्या आत बसलेला व तिला उत्तरदायी आहे, की बाहेर वडाखाली बसलेला व कोणालाच उत्तरदायी नाही, एवढाच प्रश्न असतो.

६. शाखेचा विस्तार

हा मनुष्य आत आणण्याचा मोठा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी आढळला. १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली आणि पाच वर्षांत चारशे शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचविला, आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे सोपविणारी अग्रणी बँक योजना निघाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका सुरू झाल्या. १९७७ ते १९९० या काळात, आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडाव्या लागत. १९६९ मध्ये सुमारे ६४,००० लोकांमागे एक शाखा होती; १९९० च्या सुमारास हे प्रमाण सुमारे १४,००० वर आले.

या विस्ताराचे मूल्यमापन विवाद्य आहे. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण शाखांमुळे दारिद्र्य घटल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेपही घेतले गेले. थकलेली कर्जे, वशिला आणि खिडकीवरची अरेरावी ही याच काळाची दुसरी बाजू आहे. पाटलाला खुर्ची आणि मजुराला दाराबाहेरची जागा, हा भेद शाखेने मोडला तसा अनेक ठिकाणी जपलाही. तरीही एक बदल मूलगामी होता. त्रैभाषिक अर्ज, प्रादेशिक भाषेतील फलक, हाताने भरलेले पासबुक आणि नोंदीवर आद्याक्षरी करणारा कारकून यांमुळे लिखित व्यवहार प्रथमच तक्रार करता येईल अशा जागी आला. सावकाराच्या वहीवर अपील नव्हते. शाखेतील चुकीच्या नोंदीवर निदान शाखाधिकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहता येत असे.

७. नोंद शाखेबाहेर जाते

संगणक बँकेत आला तो टप्प्याटप्प्याने. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ व १९८९ मध्ये त्याचा मार्ग आखला आणि कर्मचारी संघटनांशी करार होऊन यंत्रे आली. १९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम बसले. पुढे केंद्रीभूत संगणकप्रणालीमुळे खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी एका महिन्यात एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

कायद्याच्या भाषेतही हे स्थित्यंतर उमटले. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यात बँकेची वही म्हणजे खतावणी, रोजकीर्द, रोकडवही अशी व्याख्या होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिच्यात संगणकातील नोंदींचे मुद्रित उतारे समाविष्ट केले; पण अशा उताऱ्यासोबत मुख्य लेखापालाचे किंवा शाखा व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. नोंद यंत्रात गेली तरी तिच्या सत्यतेविषयी बोलण्यास एका नावाचा मनुष्य कायद्याला हवाच होता.

‘शाखा’ या शब्दाचीही जागा सरकली. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली. मे २०१७ मध्ये तिने ‘बँकिंग आउटलेट’ ही संज्ञा आणली. आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज किमान चार तास सेवा देणारे ठरावीक ठिकाण, मग तिथे बँकेचा कर्मचारी असो वा प्रतिनिधी, अशी ती व्याख्या होती. शाखेची व्याख्या इमारतीवरून कार्यावर आली, हे आमच्या मांडणीशी सुसंगतच आहे. परंतु त्या कार्यात देवघेव आली. साक्ष आणि दाद यांचा उल्लेख मात्र आला नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ नंतर सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. भारतात तसे घडलेले नाही. व्यापारी बँकांच्या शाखा दीड लाखाहून अधिक आहेत. इथे घडले ते निराळे. विलीनीकरणांमुळे सार्वजनिक बँकांची संख्या २०१७ मधील २७ वरून एप्रिल २०२० मध्ये १२ वर आली, आणि दक्षिण कानड्यातील पाच नावांपैकी विजया, सिंडिकेट व कॉर्पोरेशन ही तीन नावे फलकांवरून गेली. मे २०२५ मध्ये ग्रामीण बँकाही ४३ वरून २८ झाल्या. इमारत तीच राहते, पण तिचे नाव, तिच्यातील अधिकाऱ्याचे अधिकार आणि कित्येकदा त्याची भाषा बदलते. शाखा बंद न होताही ती स्थानिक राहीनाशी होऊ शकते.

८. अंगठ्याचे पुनरागमन

२८ जुलै १८५८ रोजी बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. ठशाच्या प्रशासकीय वापराचा आरंभ म्हणून ही घटना सांगितली जाते. पुढे अंगठा हे निरक्षराचे चिन्ह झाले आणि मराठीत ‘अंगठाबहाद्दर’ हा हेटाळणीचा शब्द रूढ झाला. २०१४ च्या जनधन योजनेनंतर आणि आधारवर आधारलेल्या देयकपद्धतीमुळे तोच अंगठा साक्षर-निरक्षर दोघांचीही सही झाला. एका अर्थी ही समता आहे. पण कागदावरील अंगठ्यासोबत ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’ असे लिहिणारा आणि साक्षीदार म्हणून सही करणारा दुसरा मनुष्य असे. यंत्रावरील अंगठ्याला साक्षीदार नसतो. किती रक्कम निघाली हे वाचून दाखविणारा प्रतिनिधी आणि रक्कम देणारा प्रतिनिधी एकच असतो. मार्गय्या पुन्हा वडाखाली बसला आहे, आणि या वेळी पेटी बँकेनेच त्याला दिली आहे.

निवृत्तिवेतनधारकाच्या हयातीच्या दाखल्याचे उदाहरणही बोलके आहे. दर नोव्हेंबरात वृद्ध मनुष्य शाखेत जाई आणि समोरचा कारकून त्याला पाहून तो जिवंत असल्याची नोंद करी. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय सुरू झाली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती मोठा दिलासा आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने स्वीकारला नाही, तर ‘मी जिवंत आहे’ हे विधान कोणापुढे करायचे, हा प्रश्न उरतोच.

९. उपसंहार

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पैसे पाठविणे, शिल्लक पाहणे, देयके भरणे यांसाठी शाखेची गरज उरणार नाही आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. रांगेत गेलेला मजुराचा एक दिवस म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोज होता. शाखा टिकेल ती साक्ष, वाचन आणि दाद यांसाठी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात, अनधिकृत विद्युत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला होता. हे १८७९ च्या कायद्याच्या परंपरेतले पाऊल होते. पण असा हक्क वापरण्यासाठी तक्रार मांडावी लागते, आणि ती आपल्या भाषेत, समोरच्या माणसापुढे मांडता येणे ही बहुसंख्यांसाठी अजूनही पूर्वअट आहे. म्हणून शाखांची संख्या मोजण्यापेक्षा, स्थानिक भाषा जाणणारा, नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला आणि आपल्या सहीने उत्तर देणारा अधिकारी किती गावांच्या आवाक्यात आहे, हे मोजणे अधिक योग्य ठरेल.

दुसरा मुद्दा अभ्यासकांच्या स्वतःच्या कर्तव्याचा आहे. १९८५ च्या नियमांनुसार बँकांना आपल्या विविध नोंदवह्या पाच किंवा आठ वर्षे जपाव्या लागत; त्यापुढे त्या जपण्याचे बंधन नव्हते. विलीन झालेल्या बँकांच्या जुन्या शाखांत हाताने लिहिलेल्या खतावण्या, अंगठ्यांची रजिस्टरे, दुभाषी अर्ज आणि तक्रारवह्या शिल्लक असतील, तर त्या विसाव्या शतकातील सामान्य भारतीयाच्या लिखिताशी आलेल्या संबंधाची दुर्मीळ साधने आहेत. खातेदाराच्या गोपनीयतेला धक्का न लावता त्यांतील निवडक नमुने विद्यापीठांनी व बँकांनी मिळून जतन करावेत. सुप्याच्या आगीत जे कागद गेले ते जाळणाऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक होता. आपल्या काळात तसलेच कागद अर्थ न कळताच रद्दीत जाऊ नयेत, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.